ठेका धरणाऱ्यांचा हिस्सा
(त्र्यंबकेश्वर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीकडे येणाऱ्या दिंड्यांत अभंग कोणाचा हे सर्वांना ठाऊक असते. मृदंग कोणाचा, हे क्वचितच कोणी विचारतो. संगीताच्या अर्थव्यवहारातही हेच घडते. तालवादकाच्या श्रमावर मैफल उभी राहते, परंतु नाव आणि बिदागी यांच्या वाटणीत तो मागे राहतो.

अमेरिकेत हा क्रम उलटवणाऱ्यांत आर्ट ब्लेकी (१९१९–१९९०) हे कृष्णवर्णीय ड्रमवादक अग्रभागी होते. १९५०च्या दशकात 'हार्ड बॉप' ही जॅझची शैली पुढे आली. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायन आणि ब्लूज यांचा जोर तिच्यात होता. ब्लेकींच्या 'जॅझ मेसेंजर्स' पथकाचा नायक ड्रमवादक होता, आणि पथक ही तरुणांची शाळा होती. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, विंटन मार्सालिस तेथेच घडले. मॅक्स रोच यांनी तर १९६० साली 'वी इन्सिस्ट!' या तबकडीत नागरी हक्कांचा लढाच संगीतात आणला.

जॅझच्या या विश्वात आपल्या मातीतून गेलेले वादक म्हणजे १९५१ साली मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू. आजी मेनकाबाई शिरोडकर नृत्यांगना आणि गायिका; आई शोभा गुर्टू जन्माने बेळगावच्या, ठुमरीच्या थोर गायिका. नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांची कला आपल्या समाजाने उपभोगली, प्रतिष्ठा मात्र दीर्घकाळ नाकारली, हे येथे विसरून चालणार नाही. त्रिलोक प्रथम तबला शिकले. पुढे डॉन चेरी, 'ओरेगॉन' पथक आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासमवेत त्यांनी जगभर वादन केले. ड्रम त्यांनी जमिनीलगत मांडले, शेजारी तबला ठेवला, आणि पाण्याच्या बादलीत बुडवलेल्या घंटांनाही सूर दिला. १९८८ च्या 'उस्फ्रेट' या तबकडीवर नाव तालवादक मुलाचे आहे. गाते आहे ख्यातनाम आई.

तथापि, एका व्यक्तीचे यश म्हणजे व्यवस्थेतील बदल नव्हे. ढोलकी, हलगी, संबळ वाजवणारे हात आजही बहुधा निनावी आहेत, आणि वाद्यावर कातडे चढवणारे त्याहून निनावी. समतेची भाषा बोलणाऱ्या आपल्या सभांतही पत्रकावर शाहिराचे नाव छापले जाते, ढोलकीवाल्याचे राहून जाते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढील कार्यक्रमापासून प्रत्येक साथीदाराचे नाव पत्रकावर छापावे, त्याची बिदागी आधी ठरवावी, आणि ती त्याच्याच हाती द्यावी.