बादल सरकार : रंगमंचावरून उतरलेला नाटककार

(व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



नाटक म्हटले की तिसरी घंटा, सरकणारा पडदा, नेपथ्य, प्रकाशयोजना आणि अंधारात बसलेला प्रेक्षक आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. यातील एकेक गोष्ट वजा करीत गेले, तर अखेर काय उरेल? बंगालचे नाटककार, नट आणि नाट्यनिर्माते बादल सरकार यांनी आपली सारी कारकीर्द या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी वेचली.

त्यांचा जन्म 15 जुलै 1925 रोजी कोलकात्यात झाला. मूळ नाव सुधींद्र. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते स्थापत्य अभियंता झाले. पुढे लंडनमध्ये त्यांनी नगररचनेचे शिक्षण घेतले. आरंभी त्यांनी लिहिली ती विनोदी नाटके. परंतु 1963 साली लिहिलेल्या ‘एवं इंद्रजित’ या नाटकाने भारतीय रंगभूमीचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. अमल, विमल, कमल यांच्या ठरावीक आयुष्यात विरघळून जाण्यास नकार देणारा इंद्रजित हा स्वातंत्र्योत्तर काळातील सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणाचा प्रतिनिधी ठरला. नोकरीनिमित्त नायजेरियात असताना त्यांनी ‘बाकी इतिहास’ लिहिले. त्यानंतर ‘पगला घोडा’ आले. 1968 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1972 साली ‘पद्मश्री’ असे सन्मानही लाभले.

सामान्यतः कलावंताची वाटचाल येथून मोठ्या नाट्यगृहाकडे होते. बादलबाबू नेमके उलट्या दिशेने गेले. 1967 साली त्यांनी ‘शताब्दी’ ही संस्था स्थापन केली होती. प्रयोग करता करता त्यांच्या ध्यानी आले की, नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्य आणि दिवे यांसाठी पैसा लागतो. पैसा उभा करायचा म्हणजे तिकिटाचा दर वाढवावा लागतो आणि दर वाढला की ज्याच्याविषयी नाटक आहे, तोच माणूस दाराबाहेर राहतो. शिवाय उंच रंगमंच आणि अंधार यांमुळे नट व प्रेक्षक एकमेकांचे डोळेही पाहू शकत नाहीत. सिनेमाला जे कधीच साधणार नाही, ती जिवंत माणसांची समोरासमोर भेट हेच नाटकाचे खरे बळ. तेच गमावले, तर नाटक करायचे कशासाठी?

1971 च्या ‘सगीना महातो’पासून त्यांनी रंगमंचाचा त्याग करण्यास प्रारंभ केला. साध्या खोलीत प्रेक्षक चहूबाजूंनी बसू लागले आणि नट त्यांच्यामधून वावरू लागले. यालाच ‘अंगनमंच’ म्हणत. तेथून पुढचे पाऊल होते उद्यान, पटांगण आणि खेडे. ग्रामीण लोकरंगभूमी ही पहिली, शहरी रंगमंचीय रंगभूमी ही दुसरी आणि या दोहोंच्या मेळातून घडणारी ही तिसरी. ‘थर्ड थिएटर’ या संज्ञेमागील विचार हा असा. कुठेही नेता येईल, कुठेही करता येईल आणि अल्प खर्चात होईल, या तिच्या तीन कसोट्या. नेपथ्याचे काम नटांच्या शरीरांनी करायचे. कोलकात्याच्या कर्झन पार्कमध्ये विनामूल्य प्रयोग होत आणि प्रेक्षक स्वेच्छेने देतील ते स्वीकारले जाई. नटांना मानधन नव्हते. निर्माता म्हणजे भांडवल उभे करणारा, ही कल्पनाच येथे बाद ठरली.

‘मिछिल’, ‘भोमा’ आणि ‘बासी खबर’ ही या काळातील महत्त्वाची नाटके. ‘भोमा’ हा सुंदरबनातील शेतकरी. त्याच्या कष्टांवर शहर जगते. पण शहराला त्याची ओळख नाही. दिवसा नगररचनेचे काम करणाऱ्या माणसानेच शहराला हा आरसा दाखवावा, हे विशेष चिंतनीय आहे. नगररचनाकार असल्यामुळेच शहराचे पोषण कोठून होते, हे त्यांना जवळून दिसले असावे.

महाराष्ट्राशी त्यांचा ऋणानुबंध जुना. सत्यदेव दुबे यांनी मुंबईत त्यांची नाटके हिंदीतून सादर केली, तर अमोल पालेकर यांनी ‘मिछिल’ हे नाटक ‘जुलूस’ या नावाने मराठीत आणले. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमीने 1974 पासून जो संसार मांडला, त्यामागेही थोड्या साधनांत मोठे नाटक करण्याची हीच आस होती.

या त्यागाचे मोल मात्र मोठे होते. ज्या नाटकांमुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले, ती रंगमंचासाठीच लिहिलेली होती. इतर मंडळी ती नाटके रंगमंचावर करीत राहिली आणि स्वतः लेखक मात्र तेथून निघून गेला होता. नंतरच्या नाटकांत आधीची साहित्यिक खोली नाही, अशी टीका झाली. ही टीका सर्वस्वी निराधार नाही, कारण ती नाटके कागदावर वाचताना त्रोटक वाटतात. त्यांचा अर्धा प्राण नटांच्या देहात आणि समोर बसलेल्या माणसांत असतो. वाचकाची दाद गमावून त्यांनी प्रेक्षकाचा सहवास मिळविला, आणि हा सौदा त्यांनी जाणीवपूर्वक केला.

त्यांची जिज्ञासा वार्धक्यातही मावळली नाही. 1992 साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी जादवपूर विद्यापीठातून तौलनिक साहित्याची एम.ए. पदवी संपादन केली. 2010 साली देऊ केलेला ‘पद्मभूषण’ त्यांनी नम्रपणे नाकारला. 13 मे 2011 रोजी त्यांचे निधन झाले.

बंधू-भगिनींनो, स्नेहसंमेलनासाठी मुले नाटक बसवू लागतात, तेव्हा आपला पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो. बादलबाबूंचा पहिला प्रश्न निराळा होता : सांगायचे काय आहे आणि कोणाला? त्याचे उत्तर हाती असेल, तर एक मोकळी खोली आणि चार तळमळीची माणसे पुरेशी आहेत. पडदा नसला म्हणून नाटक अडत नाही. सांगण्यासारखे काही नसले, तरच ते अडते.