पिसे लावण्याआधी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



जमशेदपूरला तीरंदाजी नवी नाही. टाटा आर्चरी अकादमी इथे 1996 पासून आहे, दीपिका कुमारी तिथेच घडली. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाऊंड प्रकारात जगज्जेते झाले, आणि आपल्या घरांतूनही कंपाऊंड धनुष्याचा हट्ट सुरू झाला. धनुष्य एकदाच घ्यावे लागते. बाणाची पिसे मात्र सारखी निघतात, म्हणून ती घरीच लावायची.

पिसे कशी चिकटवावी हे मुलांना प्रशिक्षक दाखवतात. मी बोलणार आहे त्याआधीच्या तासाभराबद्दल. पीस वाकडे लागले तर फार तर बाण भरकटेल. तडकलेल्या दांडीला नवी पिसे लावली, तर ती सोडताना फुटू शकते आणि चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. हा बाण राजधानीच्या दुपटीहून अधिक वेगाने सुटतो, हे आयांनी लक्षात ठेवावे.

म्हणून पहिले काम तपासणीचे. कॅरेज-वॅगनमधले सहकारी चाकावर हातोडी मारून कान देतात, तसेच हे. दांडी दोन्ही हातांत धरून किंचित वाकवायची, थोडी फिरवायची, पुन्हा वाकवायची. चेहऱ्यापासून लांब, चष्मा लावून. कुठे ‘कर्र’ वाजले की संपले. मग कापसाचा बोळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा; तंतू उसवला असेल तिथे कापूस अडकतो. बोट फिरवू नका, कार्बनची कुसळे काढताना डोळ्यांत पाणी येते. नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागची खाच, काढून नळीचे तोंडही बघा. मुलांची नेमबाजी सुधारली की एक बाण दुसऱ्याच्या पाठीत बसतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

जुनी पिसे काढण्याआधी ती नॉकपासून किती मिलिमीटरवर आहेत, हे मोजून वहीत लिहा. सगळे बाण सारखे हवेत. मग पीस हाताने ओढून काढा. उरलेला गोंद बोथट पात्याने, पाते जवळजवळ आडवे धरून, दांडीच्या लांबीच्या दिशेने आणि स्वतःपासून दूर खरवडा. धारदार ब्लेड नको. दांडी म्हणजे राळेत बसवलेले कार्बनचे तंतू. ब्लेडने ते कापले की आपणच तडा दिला. गॅसवर धरणेही नको, थिनरमध्ये बुडवून ठेवणेही नको. दोन्हींनी राळ बिघडते.

यानंतर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, फक्त चकाकी जाईल इतकाच फिरवा. कोरडा घासू नका. ती काळी धूळ फुप्फुसात जाते, त्वचेला खाज आणते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर हे काम मुळीच नको, गृहिणींचा शाप लागेल! शेवटी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पांढऱ्या कापडावर डाग येईनासा होईपर्यंत पुसा, वाळू द्या, आणि त्या जागेला पुन्हा बोट लावू नका. पीस पहिल्याच दिवशी सुटले की लोक गोंदाला नावे ठेवतात. बहुतेक वेळा दोष बोटांच्या तेलाचा असतो.

आता अवघड प्रश्न. एका पालकांनी मला विचारले, “साहेब, बाण महाग आहे, चिरेत थोडा गोंद सोडला तर?” नाही. वरून चीर बुजलेली दिसेल, आतले तुटलेले तंतू जुळत नाहीत. मुलगा शेजारीच उभा होता, त्याचा तो लाडका बाण होता. मी त्याच्याच हाताने त्यावर लाल टेप गुंडाळायला लावली आणि नॉक काढून घेतला. आपण वॅगन ‘सिक’ करतो तसा तो बाण सिक केला. डझनातले असे तीन गेले, नऊ उरले. पात्रता फेरीत एका वेळी सहाच सोडायचे असतात.