आंतल्या चाकाची साक्ष

कवायतीच्या मैदानावर मुलांची रांग वळूं लागली, कीं आंतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागीं पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला लांब टांगा टाकाव्या लागतात. दोघांचीं पावलें सारखींच पडावींत असा हट्ट धरला तर रांग मोडेल. मोटार वळते तेव्हां तिच्या मागच्या दोन चाकांची स्थिति अशीच असते. दोघांनाही इंजिनाची शक्ति पोंचावी आणि तरीही प्रत्येकाला आपापल्या गतीनें फिरतां यावें, म्हणून त्यांच्यामध्यें दंतचक्रांची जी पेटी बसवितात, तिला डिफरन्शियल म्हणतात. ओनेझिफोर पेकर नांवाच्या फ्रेंच घड्याळजीनें १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं ही युक्ति योजिली.

घरच्या मोटारीला ती पुरते. शर्यतीच्या मोटारीला मात्र तिचा गुणच अवगुण ठरतो. साधें डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वांटतें. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या बाजूस झुकतो, आंतलें चाक हलकें होतें आणि पकड सुटून गरगर फिरूं लागतें. त्याला फिरवावयास जोर थोडाच लागतो. म्हणून बाहेरच्या चाकासही तेवढाच थोडा मिळतो. जमिनीस घट्ट धरून असलेलें चाक उपाशी राहतें, आणि ज्याला पचविण्याची शक्ति नाहीं तें चाक सारी गति उधळून टाकतें. इंजिन ओरडतें, रबर जळतें, गाडी मात्र पुढें सरत नाहीं.

या दोषाच्या निदानाचा एक नामांकित दाखला जर्मनींतील आहे. फर्डिनांड पोर्शे यांनीं आखलेली ऑटो युनियन कंपनीची सोळा सिलिंडरांची मोटार १९३४ सालीं शर्यतींत उतरली. तिचें इंजिन चालकाच्या पाठीमागें होतें. पुढच्या वर्षीं बेर्न्ट रोझेमायर हा तरुण ती चालवूं लागला. तो मोटारसायकलींच्या शर्यतींतून आलेला, अत्यंत धाडसी चालक. वळणांतून बाहेर पडतांना वेळ वायां जात असेल, तर दोष कोणाचा? धाडसाचा कीं यंत्राचा? वादानें हा प्रश्न सुटला नसता. तेथील तंत्रज्ञांनीं गाडींत घड्याळासारखें किल्लीचें एक यंत्र बसविलें. गाडी धांवत असतां तें इंजिनाच्या फेऱ्यांची व इतर गोष्टींची रेघ कागदाच्या तबकडीवर ओढीत असे. ती रेघ सावकाश वाचली तेव्हां उलगडा झाला: वळणांतून निघतांना आंतलें चाक पिसाळल्यासारखें फिरत होतें. उपाय म्हणून झेड. एफ. या कारखान्याकडून घसरण मर्यादित ठेवणारें, म्हणजेच लिमिटेड स्लिप, डिफरन्शियल करवून घेण्यांत आलें आणि १९३५ च्या हंगामाच्या अखेरीस तें गाडीस बसलें. १९३६ सालीं रोझेमायर युरोपचा विजेता झाला. त्या वर्षीं इंजिनही सुमारें ५२० अश्वशक्तीचें झालें होतें. सारें श्रेय एका पेटीला देतां येणार नाहीं. पण पकड नसती, तर तो वाढीव जोर रबर जाळण्यांतच खर्ची पडला असता.

आज अशा अनेक पेट्यांत एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या असतात. एक चाक फार पुढें धांवूं लागलें, कीं त्या चकत्या त्याला आवरून धरतात. त्यांचा बिघाड ओळखतांना पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा, कीं त्रास वळणाच्या कोणत्या भागांत होतो? वळणांत शिरतांना गाडी नाक सरळ ठेवून वळण्यास नाखूष असेल, तर चकत्या फार आवळलेल्या असण्याचा संभव. बाहेर पडतांना आंतलेंच चाक फिरून एकच काळा पट्टा उमटत असेल, तर त्या ढिल्या किंवा झिजलेल्या. आणि दोन्ही चाकें एकदम सुटून शेपूट झपकन् फिरत असेल, तर आवळ अति झाली. हा तिसरा प्रकार सर्वांत घातक. ढिल्या पेटीनें शर्यत हरते. अति आवळलेल्या पेटीनें चालकाचा प्राण धोक्यांत येतो.

तथापि लगेच पाना हातीं घेऊं नये. दोन्ही बाजूंच्या टायरांचा घेर व हवा सारखी आहे का, स्प्रिंगा ठीक आहेत का, हें आधीं तपासावें. मागची कलंडरोधक दांडी फार ताठ असली, तर तीच आंतलें चाक उचलते आणि आळ मात्र बिचाऱ्या पेटीवर येतो.

मग पेटीची परीक्षा. गिअर सोडून, इतर चाकांना अटकाव लावून, मागचें एक चाक जमिनीवर ठेवावें व दुसरें जॅकवर उचलावें. उचललेलें चाक जोर मोजणाऱ्या पान्यानें फिरवावें. फिरूं लागण्यास लागलेला जोर कारखान्यानें दिलेल्या आंकड्याहून बराच कमी भरला, तर चकत्या झिजल्या किंवा त्यांना दाबणाऱ्या स्प्रिंगा थकल्या असें समजावें. केवळ दंतचक्रांवर चालणाऱ्या पेट्यांना मात्र ही कसोटी लागू नाहीं. त्यांतल्या पुष्कळ चांगल्या असूनही हातानें सहज फिरतात. पुढें तेल काढून पाहावें. बारीक करडी पूड ही नेहमींची झीज. चकाकणारे तुकडे किंवा जळका वास ही धोक्याची सूचना. हळू वळतांना पेटी कडकड वाजत असेल, तर कित्येकदां योग्य जातीचें तेल घालतांच ती शांत होते. पेटी उघडणें हें अगदीं शेवटचें काम. आणि बदल करावयाचा तो एका वेळीं एकच. दोन केले, तर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

चालकाचें म्हणणें ऐकावें, पण ती एका साक्षीदाराची जबानी म्हणून. रस्त्यावरचा पट्टा, टायरची झीज, तेलांतला कण आणि कागदावरची रेघ हे बाकीचे साक्षीदार. सर्वांची साक्ष जुळली, म्हणजे मगच निकाल द्यावा. वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. ताशीं शेंकडों मैलांच्या वेगानें धांवणाऱ्या यंत्राशीं, आणि त्यांत बसलेल्या माणसाशीं, त्याहून उतावळेपणानें वागणें कोणालाच परवडणारें नाहीं.