व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात विचारावयाचे प्रश्न



व्यसनमुक्तीवरील व्याख्यान म्हटले की मद्याचे दुष्परिणाम, उद्ध्वस्त झालेले संसार आणि राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व, या क्रमाने ते पुढे जाणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ते सारे यथोचितच आहे. आजचा विषय मात्र त्याच्या पुढचा आहे. घरातील कर्ता मुलगा वा पती व्यसनाच्या आहारी गेला. समजावून झाले, शपथा घालून झाल्या, नवससायास झाले. आणि अखेर कुटुंबाने त्याला निवासी केंद्रात ठेवण्याचे ठरविले. त्या केंद्राचे दार त्याच्यामागे बंद झाल्यानंतर आत काय घडते आणि काय घडावयास हवे, हा तो विषय.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मद्यपानामुळे ज्यांना मदतीची आवश्यकता आहे, अशांची संख्या तीत सुमारे ५ कोटी ७० लाख आढळली. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या सुमारे १८० जणांपैकी केवळ एकाला दाखल होऊन उपचार घेता आले होते. गरज एवढी प्रचंड आणि सोय इतकी तोकडी असली, की भाड्याचा बंगला घ्यावा, खिडक्यांना गज बसवावेत आणि फलक लावावा, असा व्यवसाय सुरू होण्यास वेळ लागत नाही. काही ठिकाणी तर कुटुंबाच्या एका दूरध्वनीवर रात्री जीप येते आणि चार धट्टेकट्टे लोक रुग्णाला उचलून नेतात. घरच्यांना त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोप लागते. या झोपेची टिंगल करण्याचे कारण नाही. ती फार मोठे मोल देऊन मिळालेली असते. तथापि याच सुटकेच्या भरात एकही प्रश्न विचारला जात नाही, आणि पहिला आठवडा तर सर्वांत धोक्याचा असतो.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे मद्य एकाएकी थांबले, की पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना डिलिरियम ट्रेमेन्स नावाची अवस्था येते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, ताप चढतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, आपण कोठे आहोत याचे भान सुटते. रुग्ण ओरडतो, पळू पाहतो, अंगावर धावून येतो. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या रखवालदाराला हा माज वाटतो. मग त्याला बांधले जाते, प्रसंगी चोपले जाते. वस्तुतः ही आणीबाणीची अवस्था असून उपचारांविना तीत मृत्यू ओढवू शकतो. योग्य वेळी योग्य मात्रेत दिलेले शामक औषध, नाडी व रक्तदाब यांची वारंवार नोंद आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, एवढ्याने बहुतेक रुग्ण सुखरूप बाहेर पडतात. हे जीवनसत्त्व न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

म्हणून केंद्राच्या दारात विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की रात्री दोन वाजता येथे कोण असते? “डॉक्टर दर बुधवारी येतात,” असे उत्तर मिळाले, तर इमारत कितीही स्वच्छ असो, प्रार्थना कितीही सुरेल होत असो, शरीरातील विष उतरविण्याचे काम तेथे होऊ नये. ते आधी रुग्णालयात करून मग रुग्ण तेथे न्यावा.

दुसरा प्रश्न कुलपाचा. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे मनोरुग्णांच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांतील २८ जण मृत्युमुखी पडले. ते व्यसनी नव्हते, हे खरे. परंतु बाहेरून कडी आणि आत असहाय माणूस ही रचना दोन्हीकडे सारखीच. आग लागल्यास किल्ली कोणाकडे आहे, दुसरा जिना कोठे आहे, हे पाहुण्यानेही विचारावे असे प्रश्न आहेत. मग ज्यांचा मुलगा आत राहणार त्यांनी ते का विचारू नयेत?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी संबंधित मानसिक अवस्थांचा त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक ठरते. साखळीने बांधणे पूर्णतः निषिद्ध. एकांतकोठडी निषिद्ध. तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्गच नसेल तेव्हा काही काळ आवरून धरण्याची मुभा आहे; परंतु शिक्षा म्हणून नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने आणि लेखी नोंदीसह. सक्तीने मुंडण करता येत नाही, मनाविरुद्ध कामास जुंपता येत नाही, दूरध्वनी आणि भेटी यांचा हक्क आहे. रुग्णाच्या संमतीविना दाखल करावयाचे, तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासणे, प्रथम तीस दिवसांचीच मर्यादा पाळणे आणि पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळविणे बंधनकारक आहे. स्त्री वा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत. मध्यरात्रीची जीप या चौकटीत कोठेही बसत नाही. नोंदणीविना केंद्र चालविणाऱ्यास पहिल्या वेळी होणारा दंड मात्र पाच ते पन्नास हजार रुपयांचा. एका रुग्णाच्या दोन-तीन महिन्यांच्या शुल्कातून तो सहज भरून निघावा! तेव्हा केवळ शासनाच्या भरवशावर राहून चालणार नाही.

शिस्तप्रिय घरांतून येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. “थोडा धाक हवाच, लाडाने तर तो बिघडला.” पहाटे उठणे, अंथरुणाची घडी घालणे, व्यायाम, ठरलेल्या वेळी भोजन, गटात बसून खरे बोलणे, या दिनचर्येचे मोल कोणीही नाकारणार नाही. पण धाकाने दारू सुटत असती, तर घरात खाल्लेल्या माराने आणि गावात झालेल्या अपमानाने ती केव्हाच सुटली असती. शिस्तीची परीक्षा आधी संस्थेची घ्यावी. औषधांचे कपाट कुलूपबंद आहे का? दिलेल्या प्रत्येक गोळीची नोंद आहे का? तक्रार ऐकणारी व्यक्ती व्यवस्थापनाबाहेरची आहे का? जुना रुग्ण नव्या रुग्णांवर मुकादम म्हणून नेमला आहे, की प्रशिक्षण देऊन त्याला कार्यकर्ता केले आहे?

हे अशक्य आहे, असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. मुंबई-पुण्यातील तरुण गर्दच्या विळख्यात सापडत असताना अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. ते वाचून पु. ल. देशपांडे यांनी साह्याचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याची घडी बसविली. व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच तेथे कार्यकर्ते म्हणून उभे करण्यात आले आणि रुग्णांच्या पत्नींनाही उपचाराच्या कक्षेत आणले गेले. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाने रुग्णाबरोबर कुटुंबालाही उपचारांत सामावून घेतले.

शेवटचा प्रश्न घरी परतण्याच्या दिवसाचा. गर्द वा अफूजन्य पदार्थ काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची ते सोसण्याची शक्ती उतरलेली असते. मोह होऊन जुन्याच मात्रेत घेतल्यास श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो, आणि सुटीनंतरचे पहिले काही आठवडे यासाठी विशेष जोखमीचे असतात. चांगले केंद्र ही गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना समोरासमोर बसवून सांगते. पुन्हा ओढ लागू नये म्हणून औषध कोणते व किती काळ, पुढील भेट कोणत्या तारखेला, पाय घसरलाच तर कोणाला कळवावयाचे, हे सर्व कागदावर लिहून देते. तो कागद कसा असतो, हे दाखल करण्याच्या दिवशीच मागून पाहावे. ज्या केंद्राकडे तो नाही, तेथे पैसे भरण्यापूर्वी परत फिरावे.