मागच्या जागेवरचा गडी



चैत्राच्या उन्हात, महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांत, डहाणूसारख्या गावी बर्फावरच्या खेळाविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे विचित्रच आहे. आपल्याकडे बर्फ येतो तो मासळीच्या पेट्यांत, नाही तर गोळ्याच्या गाडीवर. तरीही आजच्या विषयाचे मर्म आपल्याला परके वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे. बर्फ दूर देशीचा असला, तरी माणसे आपल्यासारखीच आहेत.

या खेळाचे नाव ल्यूज. बर्फाने बांधून काढलेली, नागमोडी वळणांची एक उतरती पन्हळ असते. तिच्यातून एका चिमुकल्या घसरगाडीवर उताणे पडून, पाय पुढे आणि डोके मागे ठेवून, खाली यावयाचे. गाडीला सुकाणू नाही आणि ब्रेकही नाही. पोटऱ्यांचा दाब आणि खांद्यांची हालचाल यांवरच गाडी वळते. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्याही पुढे जातो. हे एकट्याचे झाले. दुहेरी ल्यूजमध्ये त्याच गाडीवर दोघे असतात. एक मागे, गाडीला पाठ टेकून. दुसरा पुढे, पहिल्याच्या अंगावर रेललेला. पुढच्याला वाट थोडीफार दिसते. मागच्याला दिसते ते मुख्यतः पुढच्याचे डोके! तरीही वळण दोघांनी मिळून घ्यावयाचे असते. बोलावयास सवड नाही. पुढच्याचे अंग कलले की मागच्याने ते अंगानेच ओळखावे आणि त्याच क्षणी आपला खांदा दाबावा. क्षणाचा उशीर झाला तर गाडी भिंतीवर जाते.

आपल्या वारली चित्रांतला माणूस आठवा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केलेले असतात, एक सुलटा आणि एक उलटा. कोणताही एक पुसा, माणूस राहत नाही. दुहेरी ल्यूजचे याहून चांगले चित्र मला सुचत नाही.

हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला १९६४ साली, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे. त्या वर्षी तेथे हिमवर्षाव फारच अपुरा झाला. तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरमाथ्यावरून बर्फाचे सुमारे २०,००० ठोकळे कापून आणले आणि घसरणीचे मार्ग उभे केले. दुहेरीचे पहिले सुवर्णपदक जोसेफ फाइस्टमांटल आणि मान्फ्रेड श्टेंगल या ऑस्ट्रियन जोडीला मिळाले. जोडीचे नाव ग्रंथांत आहे. ठोकळे वाहणाऱ्या शिपायांची नावे कोठे आहेत? त्याच स्पर्धेच्या सरावात ब्रिटनचा काझिमिएर्झ काय-स्क्षिपेत्स्की हा खेळाडू प्राणास मुकला. पुढे २०१० साली व्हँकूव्हरच्या स्पर्धेत, उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा एकवीस वर्षांचा नोदर कुमारिताश्विली सरावात दगावला. तेव्हा ही केवळ मौजेची घसरगुंडी आहे असे कोणी समजू नये.

आता एका जोडीची हकीगत सांगतो. पॉल हिल्डगार्टनर आणि वाल्टर प्लाइकनर हे दोघे दक्षिण तिरोळचे. हा प्रांत इटलीत आहे, पण तेथील पुष्कळ लोकांची मायबोली जर्मन. तलासरीच्या माणसाला हे समजावून सांगावयास नको. घरात वारली, बाजारात गुजराती, शाळेत मराठी, हा आपला रोजचाच व्यवहार आहे. तर हे दोघे सीमेवरचे तरुण १९७१ साली जगज्जेते झाले आणि १९७२ साली जपानमध्ये सापोरो येथील ऑलिंपिकला गेले. तेव्हा दोघेही विशीच्या आसपास होते.

पहिल्या फेरीत ते सर्वांत पुढे होते. पण आरंभीच्या फाटकाच्या यंत्रात बिघाड असल्याचे आढळले आणि ती फेरीच रद्द ठरली. फेरी पुन्हा झाली. सगळे संपल्यावर पाहतात तो त्यांची आणि पूर्व जर्मनीच्या होर्नलाइन व ब्रेडो या जोडीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत सारखी! इटलीने हरकत घेतली, ती मान्य झाली नाही. शेवटी सुवर्णपदक दोन्ही जोड्यांना देण्यात आले. यानंतर वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाऊ लागली. माणसाच्या डोळ्याला जे अंतर दिसत नाही, ते पुढे यंत्राने मोजले.

पण मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. हिल्डगार्टनर पुढे एकेरीतही गाजला. १९८० साली त्याने रौप्यपदक मिळविले आणि १९८४ साली सारायेव्होला एकट्याने सुवर्णपदक जिंकले. पहिल्या आणि शेवटच्या सुवर्णात बारा वर्षांचे अंतर! अशा माणसाचे कौतुक व्हावे हे रास्तच आहे. आणि प्लाइकनर? तो प्रशिक्षक झाला, इटलीच्या तरुणांना घडवीत राहिला. एक जण पदक छातीवर मिरवितो आणि दुसरा पदकास योग्य छाती तयार करतो. यांतले मोठे कोणते, हा हिशेब हजाराव्या भागाच्या घड्याळालाही करता येणार नाही.

ऑस्ट्रियाचे आंद्रेआस आणि वोल्फगांग लिंगर हे सख्खे भाऊही असेच. २००६ साली तुरिनला आणि २०१० साली व्हँकूव्हरला त्यांनी दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले, २०१४ साली रौप्य. तुरिनच्या विजयाच्या आदल्याच वर्षी वोल्फगांगचा पाय अपघातात मोडला होता. भावाने दुसरा जोडीदार शोधला नाही. पाय सांधला, जोडी पुन्हा बसली आणि जिंकली. जर्मनीचे टोबियास वेंडल आणि टोबियास आर्ल्ट हे तर नावानेही जुळे. त्यांनी २०१४, २०१८ आणि २०२२ अशी तीन ऑलिंपिके ओळीने जिंकली.

आपण विचाराल, भारताचे काय? भारताने हिवाळी ऑलिंपिकमध्ये दुहेरी ल्यूज कधी खेळलेला नाही. एकेरीत मात्र मनालीच्या शिव केशवनने १९९८ ते २०१८ अशी लागोपाठ सहा ऑलिंपिके गाजविली. पहिल्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. देशात बर्फाचा मार्ग नव्हता, म्हणून चाके लावलेल्या गाडीवर, हिमालयातल्या वाहत्या रस्त्यावर, मालमोटारी चुकवीत त्याने सराव केला. पण त्याला या खेळाची ओळख करून दिली कोणी? गुंथर लेमरर नावाच्या एका ऑस्ट्रियन गृहस्थाने. चाकांच्या गाड्या घेऊन तो भारतात आला आणि त्याने मुले हेरली. आणि हा लेमरर स्वतः कोण? दुहेरी ल्यूजचाच खेळाडू! जोडीने खेळलेला माणूस आपली विद्या एकट्यापाशी ठेवीत नाही, असे म्हणावयाचा मोह मला होतो.

मित्रहो, हे सगळे मी ज्या कारणाने सांगितले ते आता सांगतो. आपल्या डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांत डोंगर चढून-उतरून पाय घट्ट झालेली मुले-मुली आहेत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत अशाच एका पाड्यावरून निघाली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आली. तिचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिचे प्रशिक्षक विजेंदरसिंग यांचे नाव या सभेत किती जण सांगू शकतील? मी हात वर करावयास सांगत नाही.

आपल्याला पुढचा माणूस दिसतो, कारण छायाचित्रात तोच येतो. पण ज्या गावात मागच्या जागेवर बसावयास कोणी तयार नाही, त्या गावात पुढे बसणाराही फार दिवस टिकत नाही. पहाटे मुलांना मैदानावर नेणारा शिक्षक, धावणाऱ्या मुलीच्या वाट्याचे पाणी भरणारी धाकटी बहीण, वसतिगृहात जेवण झाकून ठेवणारी स्वयंपाकीण, यांपैकी एकाने जरी हात काढला, तरी गाडी भिंतीवर जाते. आणि तेव्हा आपण म्हणतो, मुलीत गुण होता पण जिद्द नव्हती. जिद्द पुष्कळ असते. मागची जागा रिकामी असते.

म्हणून माझे मागणे लहानसे आहे. यापुढे तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत बक्षीस देताना विजेत्याचे नाव पुकारण्यात येईल, तेव्हा त्याच दमात त्याला शिकविणाऱ्याचेही नाव पुकारावे, आणि त्यालाही व्यासपीठावर बोलवावे. यास पैसा लागत नाही, ठरावही लागत नाही. एवढी रीत जरी आपण पाडली, तरी मागच्या जागेवर बसावयास माणसे आपोआप पुढे येतील.