चालतं नाणं आणि नमुन्याचं नाणं



मुदखेडच्या आसपासच्या काही गटांनी यंदा एक छान काम हातात घेतलंय. घराघरांतली जुनी नाणी गोळा करायची, साल लावून एका फळ्यावर ओळीनं बसवायची आणि शाळेत लावायची. निजामाच्या काळापासून आजपर्यंत आपल्या बाजारात जे जे चाललं, ते लेकरांनी बघावं म्हणून. एका गटाची ओळ जवळजवळ पुरी झाली. फक्त 1947 नंतर थेट 1950 येतं, मधे दोन सालं रिकामी. तेवढ्यात एक विक्रेता भेटला. म्हणाला, माझ्याकडं 1949 चा रुपया आहे, नमुन्याचं नाणं, पाच हजारांत देतो, तुमची ओळ पुरी होईल. गटात लगेच दोन तट पडले. पाच हजार म्हणजे गटाची बचत. घ्यायचं का नाही, असा निरोप आला, म्हणून आजचा हा विषय.

आधी नमुन्याचं नाणं म्हणजे काय ते बघू. शिवणकाम करणारी बाई नवा झंपर बेतताना भारी कापडाला एकदम कात्री लावत नाही. जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर आधी बेतून बघते. टांकसाळीतही तसंच असतं. नवं नाणं काढायचं ठरलं की चित्र कसं दिसेल, धातू कोणता, आकार केवढा, हे बघायला थोडी नाणी पाडतात. वरच्या साहेबांना दाखवतात. पसंत पडलं तर त्याचा ठसा पक्का होतो, नाही पडलं तर ते तिथंच राहतं. त्या नमुन्यानं कुणी मीठ घेतलेलं नसतं, कुणी मजुरी दिलेली नसते.

1949 साल घातलेली नमुना नाणी खरोखर पाडली गेली होती, ही गोष्ट खोटी नाही. देश स्वतंत्र झाला, पण नाण्यावर अजून इंग्लंडचा राजा होता. त्याच्या जागी काय आणायचं याचा विचार चालला होता, त्या विचाराचे ते नमुने. शेवटी अशोकस्तंभावरचे सिंह पक्के झाले आणि 15 ऑगस्ट 1950 ला नवी नाणी लोकांच्या हातात आली. रुपयावर गव्हाच्या ओंब्या, आण्यावर बैल, पैशावर घोडा. तोवर बाजार चालला तो राजाच्याच नाण्यांवर. 1947 चा वाघाचं चित्र असलेला निकेलचा रुपया तुमच्यापैकी कुणाकुणाच्या डब्यात असेल.

म्हणजे ती दोन सालं रिकामी आहेत, कारण तेव्हा त्या सालाचा रुपया चलनात आलाच नव्हता. ही ओळीतली उणीव नाही, ती खरी हकिकत आहे. आणि आपल्याकडं तर गोष्ट आणखी वेगळी. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. इथल्या बाजारात हाली रुपया चालायचा आणि पुढंही काही वर्षं चालला. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब जुन्या बायकांना तोंडपाठ असायचा. 1949 साली मुदखेडच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या बटव्यात हाली असेल, राजाचं कलदार असेल, पण तो नमुन्याचा रुपया असणं शक्यच नव्हतं. मग त्याला त्या ओळीत बसवून लेकरांना आपण काय सांगणार?

माझं मत स्पष्ट आहे. फळा 'चाललेल्या' नाण्यांचा असेल तर नमुना त्या ओळीत नको. कुणाकडं खरा नमुना असलाच तर फळ्याच्या बाजूला वेगळ्या चौकटीत लावा आणि खाली लिहा, हे चाललं नाही, हे ठरवताना पाडलं. वेगळी चौकट म्हणजे काही कमी मान नव्हे. उलट चार माणसं बसून काय काय ठरवत होती, ते नमुन्यातूनच कळतं.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती खोटी नाही. अमेरिकेत 1856 सालचं उडत्या गरुडाचं एक सेंटचं नाणं आहे. ते खरं तर नमुनाच. लहान आकाराचा सेंट काढायचा होता, म्हणून तिथल्या खासदारांना दाखवायला पाडलेला. कायदा झाला 1857 मध्ये. तरी तिथले संग्राहक हा 1856 चा सेंट ओळीत पहिला धरतात आणि त्याला मोठी किंमत देतात. एकदा संग्रहाच्या वहीत त्याच्या नावाची जागा पडली की प्रत्येकाला ती भरावीशी वाटते. मला ती हौस कळते, पण आपण हौसेसाठी गटाचे पैसे घालायचे का, हा प्रश्न वेगळा.

आता याच्या उलट. काही नाणी विचित्र दिसतात म्हणून नमुना वाटतात, पण ती चाललेली असतात. निजामाचा चारमिनारचा रुपया घ्या. चारमिनारच्या दारात एक उर्दू अक्षर असतं. महबूब अली खानाच्या नाण्यावर मीम, उस्मान अली खानाच्या नाण्यावर ऐन. उस्मान अली 1911 ला गादीवर आला. त्याच्या सुरुवातीच्या काही रुपयांवर हे ऐन अर्धंच आहे, पुढं पूर्ण झालं. अर्धं ऐन दिसलं की कुणी म्हणेल, हा नमुना. नाही, तो बाजारात फिरलेला रुपया आहे, त्याला ओळीत मानानं बसवा. तसाच 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, सरकारनं नाणी परत घेतली, पुढच्या वर्षी हत्ती नीट काढला. (नमुना आधी चार बायकांना दाखवला असता तर तेव्हाच सांगितलं असतं!) पण थोडा का होईना, तो रुपया लोकांच्या हातात गेला होता. म्हणून तोही ओळीतला.

निजामाच्या नाण्यावरचं साल हिजरी असतं, हेही ध्यानात ठेवा. 1330 वाचून सातशे वर्षांचं नाणं समजू नका. ते 1911-12 चं आहे.

आता त्या पाच हजारांकडं येते. खरे 1949 चे नमुने लिलावात लाखांच्या घरात जातात. मग आपल्या दारात कुणी पाच हजारांत का देईल? 'पुस्तकात सापडणार नाही, कारण नमुना आहे,' असं म्हटलं की कोणतंही खोटं नाणं खपवता येतं. 1818 साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि वर हनुमान किंवा रामदरबार, असं तांब्याचं नाणं पुष्कळ ठिकाणी दाखवतात. कंपनीनं तसं नाणं कधी काढलं नाही. देव्हाऱ्यात असेल तर पूजा जरूर करा, पण त्यापायी पैसे मोजू नका.

आणि कुणी फोनवर म्हणालं, तुमचं नाणं लाखांना विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय, जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही आणि त्यासाठी आम्ही कसलंही शुल्क घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या नंबरावर तक्रार द्या.

त्या गटाला मी कळवलंय, 1948 आणि 1949 च्या जागी कोरा कागद लावा आणि त्यावर लिहा, 'या सालाचा रुपया निघाला नाही. आपल्याकडं तेव्हा हाली चालत होता.' खाली एक चारमिनारचा रुपया लावा, कुणाच्या तरी आजीच्या माळेतला मिळेलच. आणि बायांनो, फळ्यावर लावायच्या आधी तो चिंचेनं घासून लखलखीत करू नका. घासलेल्या नाण्यावरची अक्षरं झिजतात, मग आत मीम होतं का ऐन, ते कुणालाच सांगता येणार नाही.