राखोलीचा रस्ता आणि आपण

(मंडळाच्या मुक्तिदिन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. ती हकिकत सांगायला आमच्याहून अधिकारी माणसे आज व्यासपीठावर आहेत. आम्ही पडलो बँकेतले कारकून, तेव्हा आम्ही हिशेबाचेच बोलणार. हिशेब आहे आपल्या दारातल्या रस्त्याचा.

संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा राखोलीच्या रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहून बघा. हातात डबा घेऊन चालणारी माणसे, एका सायकलवर दोघे-दोघे, रिक्षात दाटीने बसलेल्या बायका. यात आपल्या खेड्यापाड्यांतले वारली, कोकणा आहेत, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून आलेलेही आहेत. आणि त्यांच्या मधून हॉर्न वाजवत जाणाऱ्या मोटारी. बहुतेक मोटारींत माणूस एकच. त्यात आम्हीही असतो, हे आधीच कबूल करतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी आमच्या गाडीचा आरसा एका सायकलवाल्या कामगाराच्या कोपराला लागला. तो चिखलात पडला. आम्ही उतरलो, तर तोच हात जोडून म्हणाला, "साहब, गलती हो गई." चूक आमची होती. मलमपट्टी करून त्याला खोलीवर सोडले, पण ते हात जोडणे काही डोळ्यांपुढून जात नाही. पर्यावरणाला न धुमसवणारी वाहतूक म्हणून आज जिचा गवगवा चालतो, ती हा माणूस रोज करतो आहे. उपदेश करायचा तो त्याला नव्हे, आपल्याला.

आता आकडे. राखोलीहून सिल्वासा जाऊन-येऊन सोळा किलोमीटर धरू. महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे ४१६ किलोमीटर. मोटार लिटरला पंधरा देते असे मानले तर सुमारे २८ लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एकट्या माणसाच्या ये-जा करण्याने महिन्याला साठ किलोहून अधिक. आठवड्यातले दोनच दिवस गाडी घरी ठेवली तरी आठ-नऊ लिटर वाचतात. शिवाय हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळे. वाहनकर्जाचे कागद आमच्याच टेबलावरून जातात, म्हणून सांगतो : गाडी अंगणात उभी असली तरी व्याज उभे राहत नाही. (हे आमच्या मॅनेजरसाहेबांच्या कानावर घालू नये.)

"बस वेळेवर कुठे असते?" असे कोणी म्हणेल. तक्रार खरी आहे. पण आपण बसमध्ये बसतच नाही, तर तिची वेळ बदला म्हणून सांगणार कोण? चालणाऱ्या कामगाराचे ऐकणारे कमी. आपल्या घरांतून शिक्षक झाले, कारकून झाले, वकील झाले, पंचायतीत बसलेलेही आहेत. आपला अर्ज टेबलावर वाचला जातो. फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात २०१९ साली देशातल्या ६४ शहरांसाठी विजेवरच्या ५,५९५ बस मंजूर झाल्या, त्यात सिल्वासाच्या वाट्याला २५ होत्या. लहान गावाला हे थोडे नव्हे. पण बस पाळी सुटण्याच्या वेळेला यावी आणि वापीला गाडी पकडणाऱ्याच्या उपयोगी पडावी, हे मागावे लागते. आपल्या प्रदेशात रेल्वे स्टेशन नाही, मुंबईला निघालेल्याला वापीच गाठावे लागते.

दुसरी मागणी पायी चालणाऱ्यांची. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. २०२० पासून दमण-दीवसह आपला प्रदेश एक झाला असला, तरी केंद्रशासितच आहे. तेव्हा ही जबाबदारी आपल्या प्रशासनावरही येते. कारखान्यांसमोरच्या रस्त्याला चालण्याजोगी कड आणि रात्रपाळीला पुरेसा उजेड, एवढेच आपल्याला मागायचे आहे. निवडणुकीत मत मागायला जो येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला चहा द्यावा आणि हा प्रश्न विचारावा.

पावसात बस नको वाटते, गुडघे दुखतात, आजारी माणसाला गाडी लागतेच. ते सगळे मान्य. गाडी विका असे आम्ही म्हणत नाही. मुलांना शिकवणीला सोडायला मात्र चार घरांच्या चार गाड्या एकामागून एक निघतात, तिथे एक पुरेल. हे शेजाऱ्यांनी आज रात्रीच ठरवावे.

येत्या सोमवारपासून आम्ही सोमवार आणि गुरुवार बसने जाणार आहोत. मंडळाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जे बसने जातील त्यांनी बस किती वाजता आली, जागा मिळाली का, परतीला किती वेळ थांबावे लागले, एवढे त्यात लिहावे. महिनाभराच्या नोंदी झाल्या की अध्यक्ष महोदयांच्या सहीने अर्ज करू. वहीत पहिल्या पानावर आमचे नाव आहे. पेन दोरीने बांधले आहे, बँकेची सवय.